किटच्या दारावरची ड्युटी

आधीच माफी मागते. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं कळलं तेवढंच. कुणाला दाखवायचं नाही, पण लिहून ठेवावंसं वाटलं.

कोरोनाच्या लाटेत मी भिवंडीत एका वॉर्डात आया होते. माझी ड्युटी दारावर. आत जाणाऱ्याच्या किटची चेन लावायची, हातमोजे बाहीवर ओढून टेप लावायची, चष्मा नीट बसला का बघायचं. मी बघितल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, पेशंटचा श्वास थांबला तरी नाही. तो नियम मला निर्दयी वाटायचा.

मग माझे मालकच, माझ्या पोरींचे वडील, पेशंट म्हणून त्या वॉर्डात आले. वळ गावच्या गोदामात ते माल उतरवायचे. पाचव्या दिवशी दुपारी काचेतून बघते तर त्यांची मान कलली. सिस्टर किट घालून आतच होत्या. त्यांनी ऑक्सिजनचा मास्क तोंडावर तसाच ठेवला आणि छाती दाबायला लागल्या. मी पदर तोंडाला लावला आणि दार ढकललं.

"मावशी, बाहेर. घरी पोरी आहेत तुमच्या," सिस्टर दाबता दाबताच म्हणाल्या. "मी आहे इथं. तुम्ही डॉक्टरांना तयार करा."

डॉक्टरीणबाई धावत आल्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या. किटमध्ये दाबणारा माणूस दोन मिनिटांत दमतो, बदलीला दुसरा लागतोच. मी चेन लावली, पण एका मनगटाला टेप चिकटेना. माझ्याच हाताच्या घामानं ती सुटत होती.

"राहू द्या मावशी, तिथं तुमचेच मालक आहेत."

माझाही जीव तेच म्हणत होता. पण दाबताना मोजा सरकला असता, मनगट उघडं पडलं असतं.

"न्हाय," मी म्हणाले. "थांबा."

डॉक्टरला असं बोलायची माझी कधी छाती झाली नव्हती. त्यांनी हात पुढे धरला. मी हात साडीला पुसले, नवी टेप गुंडाळली आणि त्यांना आत सोडलं.

दोघी आळीपाळीनं दाबत होत्या. तिसऱ्या पाळीला हात उचलले तरी मॉनिटरच्या पडद्यावरची रेघ हलत राहिली.

बाहेर येतानाही दोघींनी घाई केली नाही. मी सांगेन तसं एकेक उतरवलं. सिस्टरची बोटं ढीगभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "आधी हात धुवू द्या, मावशी."

मालक घरी आल्यावर ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं लागलं. त्याचे पैसे सिस्टरनी आपल्या पगारातून दिले, न मागता. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, पण पैसे आम्ही दर महिन्याला थोडे थोडे देत गेलो. आता मालकांना ओझं उचलवत नाही, गोदामाच्या गेटवर बसतात.

गेल्या आठवड्यात पडघ्याला सिस्टरच्या घरचा जिना ते स्वतः चढले, मी मागे. शेवटचे पैसे त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केले. सिस्टर मोजेनात.

"मोजा सिस्टर," हे म्हणाले. "आज पुरं झालं."