शून्यावर ठेवलेली हेडलाइट

२३ जानेवारी. पिकअपच्या सगळ्या सेटिंग परत कंपनीच्या करायच्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीगोंद्याचं गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं. त्याची एकच अट होती – "ताई, गाडी कंपनीतून आली तशी द्या. आत कंप्युटरनं केलेलं काही ठेवू नका."

आधीच सांगते, या सदरातले भुताखेताचे अनुभव मी जेवणानंतर करमणूक म्हणून वाचते आणि हसते. नगरजवळच्या केडगावला आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. त्याला मी कधी लिंबू-मिरची बांधली नाही, अमावास्येला माल उतरवायचा थांबवला नाही. त्यामुळे हे लिहिताना मला अवघडल्यासारखं होतंय. पण झालं ते झालं.

मिस्टर, म्हणजे बाळासाहेब, दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेले. तेव्हापासून दुकान आणि पिकअप दोन्ही मीच चालवते. आता क्लच दाबून गुडघा सुजतो, म्हणून गाडी विकायची ठरवली.

मिस्टरांना एक नाद होता. स्टिअरिंगच्या खाली गाडीचं सॉकेट असतं, त्याला केबल लावून लॅपटॉप जोडायचा आणि सॉफ्टवेअरमधून गाडीच्या सवयी बदलत बसायचं. सीट बेल्टची पिप्-पिप् बंद कर, वेगाचा इशारा लवकर वाजव, गाडी लॉक केली की हॉर्न नको... सगळं तिथं आकड्यांत असतं. आकडा बदलायचा, 'राइट' करायचं, म्हणजे तो गाडीत लिहायचा, आणि ते होईपर्यंत केबलला हात लावायचा नाही. हे त्यांनीच मला शिकवलं.

यातली एक सेटिंग माझी होती. म्हणजे मी तसं समजत होते. चावी काढल्यावरही हेडलाइट थोडा वेळ चालू राहायची. कंपनीतून ती शून्यावर येते – चावी काढली की अंधार. एका वर्षी रंगपंचमीच्या सुमारास मी दुकानाचं शटर लावायला गेले आणि मागून उजेड तसाच राहिला. म्हटलं, "अहो, लाइट राहिली." तर म्हणाले, "राहू दे. तुझ्यासाठीच केलंय. कुलूप लावताना चाचपडतेस ना!"

मी काही लाजणाऱ्यातली नाही. "बॅटरी उतरेल" एवढंच म्हटलं. पण ते गेल्यावर रोज संध्याकाळी शटरवर तो उजेड पडायचा आणि मी कुलूप लावायची. मुलगा दोन वर्षं म्हणत होता, गाडी विक. मी विकली नाही ती त्या उजेडासाठी. हे मुलालाही सांगितलं नव्हतं.

असो. दुपारी गाडीत बसून एकेक सेटिंग परत केली. लाइटची सगळ्यात शेवटी. शून्य टाकलं, राइट केलं, परत वाचून बघितलं – शून्य. शटरसमोर गाडी लावून दोनतीनदा तपासलं. चावी काढली की लाइट गप्प. संपला विषय.

मग गाडीत पेंडेची पोती भरली. मिरजगावच्या डेअरीला द्यायची शेवटची खेप होती.

आता मिरजगावचं सांगायला हवं. ते आमचं मूळ गाव. तिथं मिस्टरांचे थोरले भाऊ, दादा, आणि माझ्या मोठ्या जाऊबाई राहतात. त्यांना मी अक्का म्हणते... म्हणायची. लग्न होऊन आले तेव्हा सगळ्या घरात मला जीव लावला तो अक्कानं. पण सात वर्षांपूर्वी सावेडीच्या हॉलमध्ये आमच्या मुलीचा साखरपुडा होता, आणि भर पंगतीत दादा मोठ्यानं म्हणाले, "बाळूला त्याच्या बायकोनं खिशात घातलाय, त्याला काय इचारता?" लोक हसले. मिस्टर ताटावरून उठले. घरी आल्यावर मला म्हणाले, "आजपासून त्या दारात पाय ठेवायचा नाही. मी नाही आणि तूही नाही."

माझा मान राखायला नवऱ्यानं सख्खा भाऊ तोडला. बाईला यापेक्षा काय हवं असतं? मी तो अबोला पाळला. पुतणीच्या लग्नाला गेले नाही. बाजारात अक्का समोर आली तर मी वळायची, तीही वळायची. मिस्टरांच्या अंत्यविधीला दादा आले, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून कडेला उभे राहिले आणि निघून गेले. मी म्हटलं, लोकलाजेखातर आले असतील.

त्या दिवशी डेअरीवर माल उतरवून निघेपर्यंत दिवेलागण झाली. मोठा रस्ता काँक्रीटसाठी खोदलेला, म्हणून सगळ्या गाड्या गल्लीतून वळवल्या होत्या. गल्ली कोणती – तर दादांच्या घराची. इलाज नव्हता. आणि नेमका पुढे पाण्याचा टँकर आडवा. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, टाकी भरूस्तवर थांबा." मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं, लाइटचं बटन बंद केलं, चावी काढली.

लाइट गेली नाही.

समोर दादांचं दार, ओटा, आणि खाली कडा फुटलेली दगडी पायरी. सगळं लख्ख दिसत होतं. मला आधी रागच आला. सकाळी गिऱ्हाईक येणार आणि ही आत्ता बिघडली! बटन चालू-बंद केलं, चावी फिरवून परत काढली. काही नाही. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त जो आकडा टाकता येतो, त्याच्याही कितीतरी पुढे वेळ गेला, आणि लाइट चालूच. शेवटी बॅटरीची तार सोडवावी म्हणून पाना घेऊन खाली उतरले. चावी माझ्या मुठीत होती. केबिनमध्ये कोणी नव्हतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. पलीकडून भिंतीला हात लावत एक म्हातारा माणूस येत होता. जवळ आल्यावर ओळखलं – दादा. इतके वाळलेले. उजेडाच्या कडेला येऊन थबकले. मग भिंत सोडली, आणि उजेडातून सरळ चालत निघाले. फुटलेली पायरी बरोबर चुकवली. दाराच्या चौकटीला हात टेकला, गाडीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले –

"पोचलो रे बाळू. कर बंद."

लाइट गेली.

मी बॉनेटपाशी पाना धरून उभी. मी काही दाबलं नाही, कशाला हात लावला नाही.

दादा घाबरले असावेत. चौकट घट्ट धरून म्हणाले, "कोन... कोन हाय गाडीत?"

"गाडीत कोणी नाही. मी आहे, मंगल."

आतून अक्का धावत आली. ओट्यावरचा बल्ब लावला. मला बघितलं, गाडी बघितली आणि कमरेवर हात ठेवला. "सात वर्सांनी वाट घावली व्हय गं?"

"वाट नाही घावली. रस्ता खोदलाय."

"तरीच."

मी दादांना विचारलं, "तुम्ही 'बंद कर' कुणाला म्हणालात?"

"सवय गं पोरी," ते खाली बसत म्हणाले. "मला आता उजेड-अंधार येवढंच कळतं. डोळ्याला उजेड लागला, तोंडातून गेलं."

"सवय कशी लागली?"

दादांनी तोंड अक्काकडे वळवलं. मग अक्काच म्हणाली, "आता लपवून काय करायचं? सांगा की तिला."

दादांनी सांगितलं. साखरपुड्यानंतर सहा महिन्यांतच त्यांचे डोळे जायला लागले. मिस्टरांना कुठून तरी कळलं. तेव्हापासून तेच दादांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते, याच पिकअपमधून. संध्याकाळी आणून सोडायचे. "एकदा त्यानं चावी काढली अन् लाइट गेली. मी त्या पायरीवर पडलो, कपाळ फुटलं. दुसऱ्या खेपेला म्हनला, दादा, आता लाइट ऱ्हाईल. तू दारात पोचलास की हाक मार, मग मी बंद करीन. कंप्युटर लावून केली म्हनला."

"कधीची गोष्ट ही?"

अक्का म्हणाली, "आमच्या धाकट्या लेकीच्या बाळतपनाच्या आधी. रंगपंचमी हुती त्या आठवड्यात."

रंगपंचमीच. त्याच आठवड्यात मला म्हणाले होते, तुझ्यासाठीच केलंय.

मी विचारलं, "मग बाजारात तोंड कशाला फिरवायचीस, अक्का?"

"भावजींनी शपत घातलेली. तुज्याच मानापायी भांडान झालं, अन् तुज्या पाठीमागं मिटवलं. ते तुला कोनच्या तोंडानं सांगनार? म्हनायचे, मंगल म्हनंल, माजा मान एवढाच का? सांगीन सांगीन म्हनत ऱ्हायले."

"आणि तोवर इथं येऊन काय करायचे?"

"काय म्हंजी? जेवायचे. माज्या हातची झणझणीत शिपी आमटी लागायची त्यास्नी. अन् नावं ठिवायचे – मंगलच्या भाकरीला पापुद्रा सुटत न्हाई म्हनून."

दादा हसले. अक्काही हसली. मला मात्र हसू आलं नाही. ज्या माणसानं इतकी वर्षं माझ्यासमोर तीच भाकरी मिटक्या मारत खाल्ली, "डेअरीवर उशीर झाला, तिथंच खाल्लं" म्हणून सांगितलं, तो इथं पाटावर बसून हे बोलत होता. आणि मी बाजारात माझ्या अक्काला बघून मान वळवत होते. कुणासाठी? दार त्यानं लावलं, उघडलंही त्यानंच. बाहेर उभी राहिले मी एकटी.

भानगड दुसऱ्या बाईची असती तर मला कळलं तरी असतं कुणावर चिडायचं. इथं आंधळ्या भावाला दवाखान्यात नेणाऱ्या माणसावर चिडायचं होतं. लोकांना सांगितलं तर लोक त्यालाच नमस्कार करतील.

टँकर हलला. अक्का म्हणाली, "आत ये." मी गाडीत बसले आणि निघाले.

घरी आल्या आल्या लॅपटॉप जोडला. लाइटची सेटिंग वाचली. शून्य. चावी काढून बघितली – लाइट लगेच बंद. परत, परत... प्रत्येक वेळी बंद. शेजारच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, "काकी, लाइट चालू-बंद करणारा रिले चिकटला असंल." मी विचारलं, चिकटला तर सुटला कसा, आणि नेमका त्या वेळीच कसा? त्यानं रिले काढला, बघितला, परत बसवला. "रिले तर चांगलाय," म्हणाला आणि डोकं खाजवत गेला. पुढे इतरांनीही वायरिंग, ओल, माझ्या मनाचे खेळ अशी कारणं सुचवली. पटेल असं एकही नाही. आणि खरं सांगू का, लाइट चालू का राहिली हा प्रश्न मला एवढा छळत नाही. दोन वर्षं माझ्या शटरवर जो उजेड पडत होता, तो सेटिंगचा होता. सेटिंग काढली तशी तो गेला. मिरजगावात मात्र सेटिंग नसतानाही लाइट राहिली. कुणासाठी, ते मी डोळ्यांनी बघितलं.

सकाळी गिऱ्हाईक आलं. मी त्याला काय घडलं ते स्पष्ट सांगितलं, फसवायचं नव्हतं. तो म्हणाला, "ताई, लाइट जास्त लागली तर बरंच की." चावी दिली. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत वगैरे मी थांबले नाही, लगेच आत आले.

मग इलेक्ट्रिकच्या दुकानातून सेन्सरचा दिवा घेतला, माणूस जवळ आला की आपोआप लागतो तो. वायरमनला बरोबर घेतलं आणि मिरजगावची एसटी धरली. दिवा दादांच्या दारावर, पायरीवर उजेड पडेल असा बसवून घेतला. दादांना दोनदा चालायला लावून बघितलं.

अक्का दारात उभी होती. म्हणाली, "आता तरी आत ये. चहा टाकलाय."

मी म्हटलं, "आज नको, अक्का. आज मला राग आलाय. तो गेला की येईन."