आयुधपूजेतली बाटली

त्रिपुरसुंदरी हे पुरं नाव फक्त सर्टिफिकेटावर, आम्हाला ती सुंदरीच. माझी भाची. कुंभकोणमातल्या आमच्या मराठी घरात वाढलेली. उंबऱ्याच्या आत आमची जुनी मराठी, बाहेर तमिळ. बाप लवकर गेला. माझ्या अक्कानं, गंगाबाईनं, लोकांचे ब्लाउज शिवून तिला शिकवलं. आणि पोरगी शिकली काय? तर समुद्राच्या तळाशी भेगांतून जे कढत काळं पाणी वर येतं, त्यात तांबं किती, जस्त किती, शिसं किती!

मी म्हणायची, "अगं बये, इथे कावेरीला पाणी नाही, आणि तू तिकडे कुठे बुडतेस?"

ती हसायची. "मावशी, समुद्रात शिसं म्हणजे आपल्या गावच्या अख्ख्या महामहम् तळ्यात चिमूटभर मीठ. तेवढं मोजता आलं, तरच पृथ्वीच्या पोटातून समुद्राला काय मिळतं ते कळतं."

गेल्या वर्षी ती जहाजावर गेली. एका भेगेतलं पाणी यंत्रानं वर आणलं, आणि त्याच फेरीत भेगेचं तोंड कोसळून बुजलं. नीट भरलेली बाटली एकच. ती कोचीच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम सुंदरीकडे. तिची डॉक्टरेट, पुढची सफर, सगळं त्या पाण्यावर. पण फोनवर अक्काचा धोशा, सणाला घरी ये. आली बिचारी. बाटली दुहेरी पिशवीत बांधून कपाटात ठेवली आणि बजावलं, कुणी हात लावायचा नाही.

आयुधपूजेला, तुमच्याकडे खंडेनवमी म्हणतात, पोटाला घालणाऱ्या प्रत्येक हत्याराला आम्ही गंध-कुंकू लावतो. शिलाई मशीन झालं, कात्री झाली. सुंदरी आईसाठी रेशमी साडी घ्यायला तिरुभुवनम्‌ला गेलेली. अक्काला वाटलं, लेकीचंच हत्यार तेवढं पूजेवाचून का ठेवायचं? नुकत्याच पितळी समया घासलेल्या हातांनी तिनं पिशव्या सोडल्या, झाकण काढलं, समुद्राचं पाणी म्हणजे तीर्थच, म्हणून आत कुंकवाच्या अक्षता टाकल्या आणि बाटली देवापुढे मांडली.

सुंदरी दारातच थबकली. "आई, झाकण उघडलंस?"

"तुला यश येऊ दे म्हणून गं."

पितळेत तांबं आणि जस्त, बाजारच्या कुंकवात काय काय ते देव जाणे. त्या पाण्यात आता समुद्राचं किती नि आमच्या घरचं किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मी सुंदरीच्या कानात पुटपुटले, "गप्प बस की! कोण सांगायला जातंय?" तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुखांना फोन लावला. तमिळमध्ये म्हणाली, "सर, नमुना गेला. माझ्या हातून झाकण उघडं राहिलं."

अक्का ताडकन उठली, फोन हिसकावला. "ती खोटं बोलतेय. मी उघडली. मी तिची आई. शिक्षा तिला नको." मग फोन ठेवून तिनंच आम्हाला सांगितलं. प्रमुख म्हणाले, बाटली घरी नेली ती सुंदरीनंच. पुढच्या सफरीत तिचं नाव नसेल.

"ते पाणी परत कुठे मिळेल?" अक्कानं लेकीला विचारलं.

"कुठेच नाही, आई."

"मी तुझं वाटोळं केलं गं!" अक्का मटकन खाली बसली.

सुंदरी 'नाही' म्हणाली नाही. तिला ते म्हणताच आलं नसतं. तिनं आईला घट्ट मिठी मारली आणि दोघी ओक्साबोक्शी रडल्या. आणि मी, साऱ्या गावाला तोंडावर बोलणारी, देवापुढच्या बाटलीला झाकण लावत बसले.