पिठाचा बैल

काकू गेली त्याच्या आधीच्या रविवारी मी भोरला तिच्या उशाशी बसले होते. धाप लागत होती, तरी तिनं माझा पदर धरला आणि म्हणाली, "एस्तू, दादाला एकडाव घिऊन ये. आता त्यो यील." तिचा भाऊ दोन कोसांवर, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला राहतो. सकाळी निघालं तर दुपारच्या आत परत. मी म्हणाले, "ईस्टरला बैलाचा डबा नेईन ना, तेव्हाच आणते." ती हसली. बुधवारी दुपारी ती गेली. ईस्टरला अजून अकरा दिवस होते. मी त्या रविवारी का उठले नाही, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. आता ते मनात ठेवणं होत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझे आईवडील लवकर गेले, मला काका-काकूंनी वाढवलं. काकूचं ख्रिस्ती नाव सारा, माहेरचं साळू. शेतकऱ्याची मुलगी, पंधराव्या वर्षी विधवा झालेली. तापानं फणफणलेल्या तिला भोरच्या दवाखान्यात आणून टाकलं, तिथे काका कंपाउंडर होते. त्यांनी तिला बरी केली आणि पुढे तिच्याशी लग्न केलं. भावकी वाळीत टाकील या धास्तीनं तिच्या बापानं शपथ घातली, की पुन्हा या वेशीत पाऊल टाकायचं नाही. तिनं ती पाळली. बाप वारला तेव्हाही पाळली, मागच्या दारी बसून रडली. डब्याचं मात्र तिचं वेगळं होतं. "पाय टाकू नगंस म्हनलं हुतं," ती म्हणायची, "हातानं काय धाडू नगंस असं कोन बोललं?"

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, संध्याकाळी ती गव्हाचं पीठ गुळाच्या पाण्यात आंबवायला ठेवी. शनिवारभर त्यावरचं फडकं उचलायचं नाही, उचलणाऱ्याच्या हातावर चापट. रविवारी प्रार्थना आटोपली की गल्लीतली पोरं गोळा होत, शेजारच्या मुसलमान घरच्या दोघी बहिणी सगळ्यांच्या आधी हजर. कांद्याच्या सालींत उकडून तांबूस झालेली अंडी वाटली जात, मग प्रत्येकाला पिठाचा गोळा, आणि त्याचं ज्यानं त्यानं कोकरू करायचं. माझं कोकरू दर वर्षी घुशीसारखं व्हायचं. "हिचं लई खाऊन आलंय," असं म्हणत काकू ते भट्टीत सारायची. भट्टी म्हणजे आडवा कापलेला रॉकेलचा डबा, खाली निखारे, वर पत्र्यावर निखारे. ती स्वतः एकच आकार करायची, बैल. बेंदराला ती आणि तिचा दादा ओढ्याच्या मातीचे बैल करत, तसाच, बाकदार शिंगांचा, डोळ्यांना चारोळ्या लावलेला. तो निवला की पितळी कडीच्या डब्यात जाई आणि डबा माझ्या हातात येई.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मामा, म्हणजे काकूचा दादा, रानात होता. मामीनं मला अंगणातच थांबवलं. "वत त्या गव्हाणीत," ती म्हणाली. मी डबा उपडा केला, बैल कडब्यावर पडला. मी वळायच्या आत तिनं मी उभी होते त्या जागेवर शेणकाला टाकला. घरी आले तर काकू दारातच उभी. तिनं आधी झाकण उघडलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही रीत आम्हाला पोरांनाही ठाऊक. तिनं आत पाहिलं, पाहत राहिली. मला ते बघवेना. मी म्हणाले, "मामानं खाल्ला. आधी शिंगं खाल्ली." काकू खुदकन हसली, आणि पुन्हा डब्यात पाहून म्हणाली, "वयनी इसरली आसंल घालायची."

दुसऱ्या वर्षी मी गावात गेलेच नाही. अलीकडच्या वळणावर जांभळाखाली बसले, बैल रडत रडत खाल्ला आणि रिकाम्या डब्यात जाळीवरची हिरवी करवंदं भरली. मामानं दिलीत, म्हणून सांगितलं. काकूनं एक करवंद नाकाशी धरलं... "आमच्या बांधावरची," ती म्हणाली. तिनं ती मिठात घातली आणि त्या बरणीला काकांनाही हात लावू दिला नाही. मग दर वर्षी तेच. मामाचे केस पिकले, मामाला नातू झाला, मामा म्हणाला साळूच्या हाताला आईची चव आहे, सगळं मीच घडवलं. महायुद्धात गहू मिळेना तेव्हा नाचणीचा काळा बैल निघाला. "मामा म्हणाला, म्हैस धाडली काय," असं मी सांगितलं, तर काकू डोळ्यांत पाणी येईतो हसली. मी शिक्षिका होऊन पुण्याला गेले, तरी ईस्टरला येऊन डबा नेतच होते. तिचं माहेर मी चालवत होते, आणि मला त्याचा अभिमानही वाटत होता, हे कबूल करायला हवं. त्या रविवारी मामाला आणायला गेले असते तर सगळं उघडं पडलं असतं. मी भ्याले, दुसरं काही नाही.

यंदा ईस्टरला मी बैल केला. एक शिंग करपलं. नऊ वर्षांची असताना गेले त्यानंतर पहिल्यांदाच, तेवीस-चोवीस वर्षांची झालेली मी, डबा घेऊन त्या वळणापुढे गेले. वळणापलीकडेच, जांभळापासून हाकेच्या अंतरावर, बांधावर एक म्हातारा बसला होता.

"कोन गं?"

"भोरची. साळूची पुतणी."

तो धडपडत उठला. "लई वर्सांनी याद आली तिला! पैल्या साली रानातनं आलो, तर गव्हाणीत बैल. शिंगं बघून वळखला म्या. उचलला, पुसला आन खाल्ला. बायकुशी चार दीस बोललो न्हाई. बाजारात इचारलं, तवा कळलं तुमचा सन पुनवंच्या म्होरल्या ऐतवारी. तवापासनं दर साली हितं बसतो. म्हनलं, पोरगी आली की वाटंतच गाठायची. पर पुन्यांदा कुनी आलंच न्हाई. साळीनं राग धरला म्हनायचा. म्या कंच्या तोंडानं जानार?"

मी सगळं सांगितलं. ती गेली हे, जांभूळ, करवंदं, आणि तो रविवार. तो म्हणाला, "म्हंजी तिनं बलीवलं हुतं."

"हो."

"आन तू आली न्हाईस."

त्यानं दोन्ही हातांनी बैल उचलला, उपरण्यात गुंडाळला, झाकण लावलं आणि रिकामा डबा माझ्या हाती दिला. त्याच्या मागे करवंदाची जाळी लगडलेली होती. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. "जा, ऊन झालंय," एवढंच म्हणाला.

करवंदांची बरणी भोरलाच आहे, काका तिला हात लावत नाहीत. डबा मी पुण्याला आणला. परवा शेजारीण म्हणाली, "इतका चांगला डबा, यात काही ठेवत का नाही?" मी झाकण उघडून आत पाहिलं, काकू पाहायची तसं, आणि तिला म्हणाले, "तो तसाच परत आलाय."