पडलेलं उठतंच

काटेवाडीच्या वृषालीच्या हातून जे काही चांगलं झालं ते आळसापायीच झालं, असं तिचा नवरा सुयोग म्हणायचा. शेअर बाजाराचे जुने भाव एकेका कंपनीचे, एकेका वर्षाचे उतरवून घेता घेता ती वैतागली आणि तिनं संगणकावर स्वतःचा प्रोग्रॅमच लिहून टाकला. कंपनीचं नाव टाका, वीस वर्षांचे रोजचे भाव पुढ्यात हजर! सुयोगनं त्याचं बारसं केलं, 'भावओढ्या'. एखादी युक्ती सुचली की वृषाली ती या जुन्या भावांवर चालवून बघायची. तेव्हा असं केलं असतं तर काय हाती लागलं असतं? पैसा न घालता परीक्षा. लेकरू झालं तशी बारामतीतली नोकरी सुटली, पण डोकं कुठं सुटतंय?

तिची युक्ती साधी होती. सपाटून पडलेला शेअर उचलायचा, वर आला की सोडायचा. भावओढ्याला पन्नास कंपन्या घाला नाहीतर दोनशे, पडलेला उठलेलाच. आधी तिचा तिलाच विश्वास बसेना. मग बसला, आणि असला बसला की बाई चारचौघांत बोलायला लागली. तिथंच माती खाल्ली.

अंथुर्ण्याची संजीवनी मावशी पाहुणी आली तेव्हा वृषालीनं तिलाही पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. मावशी एकटी बाई. काका वारलेले, लेक लखन पुण्यात, त्याचा फोन सणासुदीला. दोन म्हशींच्या दुधावर तिचं चाललं होतं, पण गुडघे पार गेलेले. धार काढायला बसली की उठवेना.

"वृषे, पडलेलं खरंच उठतं का गं?" मावशीनं विचारलं.

"उठतंच मावशी. वीस वर्सांचं बघितलंय मी."

"मग म्हशी इकून ह्यातच घालते की. लखनच्या तोंडाकडं बघायला नको. पर पितरपाट संपू दे."

वृषाली हसली. "भावओढ्याला कुठली तिथी कळती, मावशी?"

थट्टेत बोलली हो. पण थोरल्यांशी थट्टा करताना जिभेला हाड असावं!

पुढं आली सर्वपित्री अमावस्या. वृषालीची सासू ठमाबाई माळवदावर पानं मांडत होती. खीर, वडे, अळूची भाजी. एकेक नाव घ्यायची आणि पान ठेवायची. सासऱ्याचं, चुलत सासऱ्याचं, लहानपणी गेलेल्या नणंदेचं. शेवटचं पान ठेवलं ते नाव न घेताच.

"हे कुणाचं, आई?" वृषालीनं विचारलं.

"ज्यांचं नाव आता कुणाच्याच तोंडी न्हाय त्यांचं. ती काय घरात नव्हती व्हय?"

वृषालीच्या हातातली खिरीची वाटी तशीच राहिली. भावओढ्याला ती कंपन्यांची नावं कुठून देत होती? बाजारात आज जेवढ्या कंपन्या हायत, त्यांच्या यादीतून. आज हायत, म्हणजे जगल्या त्या! पडल्या आणि मेल्या, त्यांची नावं त्या यादीत असणार कशी?

ती धडाधडा खाली आली. एकेकाळी अख्ख्या गावानं ज्या कंपनीच्या ठिबकच्या नळ्या शेतात अंथरल्या होत्या, ती कंपनी पडली, आणखी पडली आणि बुडाली. वृषालीनं तिचं नाव टाकलं. भावओढ्या म्हणाला, असा शेअर नाही. पडलेला उठतोच, म्हणे! न उठलेले तिनं मोजलेच नव्हते.

मावशीला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पळत सुटावं असं वाटलं, पण मग तिनं मनाची समजूत घातली. आज अवस. अवसेला दावणीचं जनावर कोण सोडतंय? मावशी तर उपास-तापासाची, घातवार बघितल्याशिवाय केरसुणीसुद्धा न घेणारी. कावळा शिवला, पंगत उठली, भांडी झाली आणि मगच वृषालीनं स्कूटी काढली. भवानीनगर गेलं, लासुर्णं गेलं. वाटेत चाऱ्याच्या ट्रॉलीमागं रखडताना तिनं देवाला दहादा हात जोडले.

अंथुर्ण्यात गोठा रिकामा होता. दावी खुंट्याला तशीच, गव्हाणीत अर्धी वैरण.

मावशी ओसरीवर हसतमुख बसलेली. "आलीस? बरं झालं. सांगोल्याकडचा व्यापारी आता गेला बघ. म्हणाला, अवसेला कुणी इकत न्हाय, म्हणून रिकामाच फिरतोय. शेजारची दगडाबाई वरडली, आज सोडू नगं. मी म्हणलं, आमच्या वृषीच्या यंत्राला तिथी न्हाय. चंद्री टेम्पोत चढंना गं, सारखी मागं बघत व्हती." तिनं पदराची गाठ सोडली. "हे घे. घाल तुझ्या पडलेल्यात."

वृषालीनं व्यापाऱ्याचा नंबर मागून फोन लावला. "दिल्या-घेतल्याची भाषा झालीया, ताई. आता परत न्हाय," म्हणून त्यानं ठेवून दिला.

मग तिनं मावशीचे हात धरून सगळं सांगितलं. यादी कशी चुकली, मेलेले कसे राहिले. सांगता सांगता रडायलाच लागली. "मावशी, पडलेलं समदं उठत न्हाय गं. माझं चुकलं."

मावशीची नजर भिंतीकडं गेली. तिथं काकांचा फोटो होता, त्याला सकाळचाच ताजा हार होता. विहिरीच्या मोटारीपाशी पाय घसरून पडले ते काका दोन वर्षं अंथरुणावर होते, आणि मावशीनं त्यांचं हागणंमुतणं काढलं होतं.

"पडलेलं समदं उठत न्हाय, हे मला व्हय सांगायचं?" मावशी म्हणाली. "रोज काखेत हात घालून बसवत व्हते ह्यांना. मला ठावं व्हतं गं वृषे. पर तू बघितलंय म्हणालीस. मला वाटलं, माझंच तेवढं उठलं न्हाय."

तिनं नोटा पुन्हा पदरात बांधल्या. धारेची वेळ झाली होती.