वयानं लहान अडकित्ता

सातारा स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसण्याआधी अण्णांना फोन करून सांगितलं, "नाशिकला जातेय. मैत्रिणीकडे. येताना द्राक्षं आणीन." या तीन वाक्यांतलं पहिलं तेवढं तेव्हा खरं होतं. उरलेली दोन मी नंतर खरी केली, पण त्यात माझी हुशारी फारशी नव्हती.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय सत्याऐंशी, दात अजून बरेचसे स्वतःचे, आणि जेवणानंतर सुपारी हवीच. त्यांच्याकडे घोड्याच्या आकाराचा एक पितळी अडकित्ता होता. अकरा वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत मी तो एका चेपलेल्या तांब्याबरोबर मोडीत घातला आणि त्या बदल्यात स्टीलची तीन पातेली घेतली. चुकून गेला असं म्हणायची सोय नाही. सुपारीची कातरण घरभर सापडायची आणि केर मी काढायचे, त्याचा तो राग. अण्णांनी विचारलं तेव्हा "इथेच कुठेतरी असेल" म्हणाले. ते महिनाभर कपाटं, कोनाडे, गादीखाली शोधत राहिले आणि मीही त्यांच्याबरोबर वाकून वाकून शोधत असल्याचं नाटक केलं. त्या नाटकाची मला आजही लाज वाटते. पुढे ते दुकानातल्या पुडीतली सुपारी खाऊ लागले. त्यांनी विषय पुन्हा काढला नाही. मला मात्र तो विसरता आला नाही.

या जानेवारीत नाशिकच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानाने टाकलेला फोटो मोबाइलवर दिसला. तोच घोडा! तशीच वर केलेली मान, तशीच शेपटी. माझ्या डोक्यात लगेच बेत शिजला. हा आणायचा, फडताळात डब्यांच्या मागे ठेवायचा आणि एके दिवशी ओरडायचं, "अण्णा, सापडला!"

ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याने मला नाशिकच्या अडकित्ते जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घातलं. मी फोटो टाकून विचारलं, "हा घेऊ का?" मी साड्यांच्या एका ग्रुपमध्ये आहे, कुंड्यांच्या एका. तिथे असं विचारलं की पाच मिनिटांत चाळीस जण चाळीस दिशांना ओढतात आणि शेवटी आपापसांत भांडतात. इथे दिवसभर शांतता. संध्याकाळी विसपुते नावाच्या गृहस्थांचा एकच निरोप आला, "ताई, कशाला हवाय?"

मी लिहिलं, "शोभेसाठी." त्यावर उत्तर, "रविवारी आमची बैठक असते. या. तोवर घेऊ नका." झालं, एवढंच. मला राग आला. साधा प्रश्न विचारला तर यांचा केवढा थाट!

पुणे सोडून संगमनेर, सिन्नर करत गाडी नाशकात शिरली तेव्हा शनिवारची दुपार कलली होती. फेब्रुवारीचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. द्वारका चौकात उतरले. तिथे चारी बाजूंनी येणारी वाहनं एकमेकांना वाट देण्यापेक्षा एकमेकांकडे रोखून बघण्यातच वेळ घालवतात. रस्ता ओलांडायला मला जितका वेळ लागला तितक्या वेळात सिन्नरहून आले असेन.

लॉजवर पिशवी टाकली आणि शहाण्या माणसाने करायचं ते सोडून मी थेट दुकान गाठलं. रविवारपर्यंत घोडा दुसऱ्या कुणी नेला तर? दुकानदार गोड बोलणारा होता. "मावशी, शंभर वर्षं जुना पीस आहे. एका सरदार घराण्यातला," म्हणाला. कुठल्या, ते मी विचारलं नाही. घोडा हातात घेतला, छान जड लागला, सांदीसांदीत काळा पडलेला होता. घेतला. किंमत इथे लिहीत नाही. अण्णांनी ऐकली तर ते मलाच मोडीत घालतील.

परत येताना उलटा वडापाव (इथे सगळा पावच पिठात बुडवून तळतात) खाल्ला आणि विजयी मुद्रेने झोपले.

रविवारी सकाळी दहाला नाशिक रोडला विसपुते काकांच्या घरी पोचले. सरकारी नोकरांनी हळूहळू मजले चढवलेल्या कॉलनीतलं घर. काका ओझरच्या विमानाच्या कारखान्यात टर्नर (लेथवर धातू कातणारे) होते, आता निवृत्त. गच्चीवर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर आठदहा माणसं गोल करून बसलेली आणि मध्ये एका ताटात अडकित्ते. मोर, पोपट, नुसत्या साध्या लोखंडी दांड्यांचे, एक तर माझ्या करंगळीएवढा. बाजूला वाटीत रोठा सुपारी (न उकडलेली, दगडासारखी टणक).

काकांनी हात जोडले. "आलात! घेतला ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पर्स पोटाशी धरलीय तुम्ही." सगळे हसले. हसण्यात खोच नव्हती, म्हणून मीही हसले.

मग त्यांची पद्धत पाहिली. नव्या माणसाची वस्तू गोलातून एकेकाच्या हातात जाते आणि ती फिरून मालकाकडे परत येईपर्यंत कुणी अवाक्षर बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. माझा घोडा निघाला. कुणी खिळ्याजवळ बोट फिरवलं, कुणी दांडे कानाशी नेऊन उघडमीट केले, कुणी पात्यावर नख टेकवलं. दहा माणसं आणि गच्चीवर फक्त कावळ्याचा आवाज. मी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर निकाल शोधत होते, पण कुणी तो लागूच देईना.

घोडा परत माझ्याकडे आला. काकांनी एक सुपारी माझ्या तळहातावर ठेवली. "आता तुम्ही फोडा."

मी सुपारी पात्याखाली धरली आणि दाबलं. काही नाही. दोन्ही हातांनी दाबलं. सुपारी टण्‌कन उडाली ती थेट काकांच्या चहात. पुन्हा प्रयत्न केला, दांडे वाकडे झाल्यासारखे वाटले, सुपारीवर ओरखडाही नाही. माझे कान गरम झाले.

आता बोलायची परवानगी होती. माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक बाई बसल्या होत्या, निर्मलाताई. मखमलाबादला त्यांची फुलशेती आहे. त्यांनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लय गोजिरा हे ताई. पण वयानं लहान हे."

"म्हणजे?"

"म्हंजे मोठा व्हायचाय अजून."

एकाने सौम्यपणे समजावलं. जुन्या अडकित्त्याचं पातं धार लावून लावून अरुंद झालेलं असतं. अंगठा टेकतो तिथे दांडा झिजतो. याचा काळेपणा फक्त सांदीत आहे, झीज कुठेच नाही. मी म्हटलं, "सरळ खोटा म्हणा की! फसले मी."

"तो शब्द आम्ही वापरत नाही," विसपुते काका म्हणाले. चहातली सुपारी चमच्याने काढत त्यांनी कारण सांगितलं. ग्रुप नवा होता तेव्हा सटाण्याकडच्या एका माणसाने अडकित्त्याचा फोटो टाकून विचारलं होतं, कसा आहे? "मी दोन मिनिटांत उत्तर ठोकलं. खोटा आहे, मोडीत घाला. टर्नर माणूस मी, मला फिनिशिंग कळतं ना! इतका लख्ख पीस जुना असूच शकत नाही, असं वाटलं. त्यानं ऐकलं. घातला मोडीत. सहा महिन्यांनी त्याच्या बहिणीनं आजोबांच्या लग्नातला फोटो पाठवला. आजोबांच्या हातात तोच अडकित्ता. घरातल्या बायकांनी दर दिवाळीला चिंच लावून घासून घासून तो नवा ठेवला होता, ताई. त्या घासण्यालाच मी खोटं म्हटलं."

ती गोष्ट सगळ्यांनी पूर्वी ऐकलेली असणार, तरी कुणी मध्ये बोललं नाही. तेव्हापासून फोटो पाहून कुणी मत द्यायचं नाही, वस्तू हातात घेतल्याशिवाय बोलायचं नाही, आणि नव्या माणसाला आपल्या ताटातलं काही विकायचं नाही, असं ठरलंय. स्वतःची चूक नव्या माणसासमोर अशी उघडी करणारी माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत. त्या निरोपावरचा माझा सगळा राग तिथेच ओसरला.

"मोडीत" हा शब्द ऐकताच मात्र मी घोडा पटकन पर्समध्ये घातला होता. निर्मलाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आता सांगा. कशाला हवा व्हता?"

या वेळी "शोभेसाठी" तोंडातून निघेना. मी सगळं सांगितलं. पातेली, कातरण, गादीखालचं नाटक, फडताळाचा बेत. सांगताना डोळे भरून आले, अनोळखी माणसांसमोर. कुणी "अहो, होतं असं" म्हणालं नाही, याचे मी आजही आभार मानते.

निर्मलाताई म्हणाल्या, "तुमचा घोडा त्यांना दिला ना, तर डोळं फसतील. हात नाय फसायचा. पन्नास वर्सं ज्यानं अडकित्ता धरला त्याचा हात लगेच वळखतो. मंग एकाची दोन खोटी व्हतील."

बैठक संपल्यावर त्या मला त्यांच्या टेम्पोतून मखमलाबादला घेऊन गेल्या. शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव लागले, मध्येच कोबी, मध्येच झेंडूचा पिवळा पट्टा. त्यांच्या गुलाबाच्या ओळींमध्ये सुना फुलं खुडत होत्या. जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्श्यात शिजवलेले) होते, झणझणीत. मी तिखट पचवणारी, पण दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. "सकाळचं रडू ऱ्हायलं व्हतं वाटतं," ताई म्हणाल्या आणि पुन्हा वाढलं.

जेवणानंतर त्यांनी कमरेच्या चंचीतून (पानसुपारीची कापडी पिशवी) एक लोखंडी अडकित्ता काढला. ना घोडा ना मोर. दांडे अंगठ्याशी खोलगट झालेले. कच्‌ कच्‌ करत त्यांनी सुपारीचे कागदासारखे पातळ काप पाडले. मग तो पदराला पुसून माझ्या हातात ठेवला.

"हा न्या. माझ्या सासूचा हे. अण्णांना सुपारी फोडू द्या, मंग आणून द्या परत."

"अहो, तुम्ही मला ओळखत पण नाही!"

"सकाळी वळखलं की."

"मग तुम्ही काय वापराल?"

"तुमचा घोडा ठिवा इथं. धार लावून बघते, मोठा व्हतो का."

सोमवारी सकाळी द्राक्षाची पेटी मांडीवर घेऊन निघाले. वाटेत विचार करत होते. नव्या माणसाचा प्रश्न या लोकांना कधी अडाणी वाटला नाही. मी विचारत होते घोड्याबद्दल आणि त्यांना आधी कळून घ्यायचं होतं ते माझ्याबद्दल. मला वाटलं होतं, हा यांचा थाट आहे. पर्समध्ये दुसऱ्याच्या सासूचा अडकित्ता होता आणि तो मी घोड्यापेक्षा घट्ट धरला होता.

घरी पोचले. अण्णा खुर्चीत बसले होते. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं, पण सगळं विसरले. नुसता अडकित्ता आणि एक सुपारी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी तो उचलला. अंगठा आपोआप त्या खोलगट जागी गेला. एकदा उघडमीट केली. मग सुपारी धरली आणि कच्‌. काप पातळ पडला. दुसरा. तिसरा. कातरण त्यांच्या धोतरावर आणि माझ्या स्वच्छ फरशीवर पडत होती. अकरा वर्षांत मला इतकं सुंदर काही दिसलं नव्हतं.

"चांगला आहे," ते म्हणाले. "कुणाचा?"

"नाशिकच्या एका मैत्रिणीचा. परत द्यायचाय."

"मग आठवणीनं परत दे." त्यांनी काप तोंडात टाकला. "हा तरी मोडीत घालू नकोस."

मी खुर्चीशेजारी खाली बसले. "अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"नव्या पातेल्यात चहा आला त्याच दिवशी."

"मग महिनाभर शोधत का होतात?"

"तू सांगशील म्हणून," अण्णा म्हणाले आणि एक काप माझ्या तळहातावर ठेवला.