पनामाचा झेंडा आणि कदमांचं मत

शनिवारी सकाळी सिंगापुरात, ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, आमचा कट्टा भरतो. बहुतेक सगळे बोटीवरचे मराठी लोक. काही अजून जाणारे, काही माझ्यासारखे कायमचे उतरलेले. कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, घोट पोटात गेला की एकाला काहीतरी आठवतं, त्यावरून दुसऱ्याला. असे किस्से साचून आता ढीग झालाय, आणि त्यातले निम्मे पनामाचे! मालक कुठलाही असो, बोटीवर झेंडा बहुतेक पनामाचाच, आणि झेंडा ज्याचा, बोटीवर कायदाही त्याचाच. देश पाहिलाय तो कालव्यातून जाताना, तोही इंजिनरूममधून वर यायला मिळालं तर.

*

कट्ट्यावर खरा पनामाचा माणूस एकच, एर्नेस्तो. इथेच शिपिंग ऑफिसात आहे. तो लहान असताना तिथल्या जनरलने निवडणूक घेतली, आणि हरतोय असं दिसल्यावर सरळ रद्द करून टाकली. विरोधकांना भर रस्त्यात झोडपलं. "वडील उन्हात रांगेत उभे राहून मत देऊन आले होते," एर्नेस्तो म्हणाला. "मग कळलं, दिलंच नव्हतं."

आमचे कदम भडकले. कदम म्हणजे रत्नागिरीचे, बोटीवर बोसन, खलाशांचे मुकादम. "त्यांनी देऊन तरी पाहिलं. आपल्या देशात मी जन्मात एकदाही मत दिलेलं नाही. दर निवडणुकीला मी समुद्रात."

*

पनामाच्या गेल्या निवडणुकीत तर कहर झाला. सगळ्यांत पुढे असलेल्या उमेदवाराला शिक्षा झाली, तुरुंग टाळायला तो एका परदेशी वकिलातीत जाऊन बसला. त्याच्या जागी त्याचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार उभा राहिला आणि निवडूनही आला.

एर्नेस्तोने मत दिलं ते इथल्याच क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर बसून, लॅपटॉपवर. हे ऐकून कदमांनी कप आपटला. "तुझ्या झेंड्याखाली माझे केस पिकले. तू बोटीवर पाय ठेवला नाहीस. तुला सोफ्यावर मत, आणि मत द्यायला मी विमानाने रत्नागिरी गाठायची?"

मलाही चीड येते. ज्या देशाचा कायदा आमच्या जेवणापासून पगारापर्यंत चालतो, तिथे आम्हाला कोणी विचारत नाही.

*

एक कायदा मात्र आमच्या बाजूचा. सेफ्टीचा प्रतिनिधी क्रूने निवडायचा. मी सेकंड इंजिनिअर आणि कदम त्याच बोटीवर असतानाची गोष्ट. लाइफबोटचा हूक गंजला होता. कदम रोज ओरडायचे, "हा तुटला तर माणसं जातील." कॅप्टन म्हणायचा, बोट दुरुस्तीला ड्राय डॉकला गेली की बघू.

शेवटी कदम प्रतिनिधीसाठी उभे राहिले. कॅप्टनने आपल्या मर्जीतला चीफ कुक उभा केला. बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. कदमांचं आयुष्यातलं पहिलं मतदान, त्यासाठी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. निवडून आले तेच. कॅप्टन म्हणाला, "मतदान रद्द. प्रतिनिधी कुकच." हूक तसाच राहिला.

सिंगापूरला पनामाचा इन्स्पेक्टर चढला. निघाला अलिबागचा! पनामा त्यानेही पाहिलेला नव्हता. मेसमध्ये आम्हा सगळ्यांना बसवून त्याने विचारलं, "क्रूने निवडलेला प्रतिनिधी कोण?"

कॅप्टनने कुककडे बोट दाखवलं. "सगळ्यांनी यालाच निवडलंय."

कदम मान खाली घालून बसले होते. इन्स्पेक्टर कुककडे वळला. कुक मालवणचा, हे त्याने नावावरूनच ओळखलं होतं.

"काय हो, तुम्ही स्वतः कोणाला मत दिलंत?"

कुकने एकदा कॅप्टनकडे पाहिलं, मग हात ॲप्रनला पुसले.

"कदमांका."