गावाच्या पेजवाले भाऊजी

आमच्या शेजारचे भाऊजी फेसबुकवर गावाचं पेज चालवतात. नळाला पाणी कधी येणार, खामगावच्या बाजारात कापसाला काय भाव आहे, सगळं लिहितात. लिहून झालं की ओट्याशी येऊन आधी मला वाचून दाखवतात. मी चौथी शिकलेली.

"वयनी, तुमाले समजलं म्हणजे गावाले समजलं."

"म्हणजे गावात सगळ्यात अडाणी मीच काय?"

ते हसत नाहीत. मी अडले तो शब्द तेवढा बदलतात. पण एकदा टाकलेली पोस्ट त्यांनी कधी काढली नव्हती.

मी शाळेत खिचडी शिजवते. गेल्या आठवड्यात डाळीत अळ्या निघाल्या. मी त्यांना सांगितलं, त्यांनी लिहिलं, आणि त्याच दुपारी शाळेत डाळीचं पोतं बदललं. संध्याकाळी डाळ पुरवणारा ठेकेदार दोन माणसं घेऊन त्यांच्या दारात आला. मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते.

"कोनं सांगतलं बे तुले? नाव सांग, त्याले कामावरून काढतो. नाही तं पोस्ट काढ!"

माझे हात सुपातच थांबले. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा कपाळावर सारला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि सगळ्यांसमोर पोस्ट काढून टाकली.

"झालं? जा आता."

दुसऱ्या दिवशी पेजवर लोकांनी लिहिलं, भाऊ विकले गेले. त्यांनी कोणालाच उत्तर दिलं नाही. मी ते सगळं वाचलं. खाली लिहायला जागा होती आणि मला लिहिताही येतं. अजून मी तिथे एक अक्षर लिहिलेलं नाही.